घोड्याच्या पाठीवर मावेल एवढा संसार

फाल्गुनात हरभरा निघाला की कंधार, लोहा, मुखेडकडचे हटकर-धनगर मेंढपाळ बालाघाटाच्या माळावरून अहमदपूर, जळकोट, उदगीरच्या बाजूला सरकत असतात. रानात हलकं सामान घेऊन कसं राहावं, हा विषय निघाला की आपल्याला शिकारी नाहीतर ट्रेकर आठवतात. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली आणि ट्रेकर दोन रात्रींनी घरी परततो. वर्षातले कितीतरी महिने उघड्यावर काढणारा माणूस आपल्याकडे मेंढपाळच आहे. त्यामुळे हलक्या सामानाची खरी पारख त्याच्या वाड्यावर पाहावी. वाडा म्हणजे त्यांचा मुक्काम. तिथला मुक्काम हलवण्याचा एक दिवस असा जातो.

पहाटे 4. बाई उठते आणि तीन दगडांची चूल पेटवते. दगड कुणी वाहून नेत नाही, ते प्रत्येक रानात मिळतात. पातेली जर्मनची, एकात एक बसणारी. पितळेची भांडी गावाकडच्या घरी ठेवलेली. दिवसभराच्या ज्वारीच्या भाकरी आत्ताच होतात, कारण वाटेत चूल मांडायला वेळ नसतो. पीठही चार-सहा दिवसांचंच जवळ ठेवतात. पुढच्या गावात गिरणी असतेच.

सकाळी 6. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, उतरवतात. पूर्वी हे जाळं सुताचं असे आणि दव पडलं की जड होई. आता ते नायलॉनचं आहे: पाणी पीत नाही, कुजत नाही, गुंडाळलं की लहान होतं. खुंट्या मात्र लाकडीच, मोडली तर बाभळीची नवी तासून घेता येते. नवी वस्तू इथे अशीच निवडतात. हलकी आहे का एवढंच विचारत नाहीत, रानात मोडली तर काय, हेही विचारतात.

सकाळी 7. गडी मेंढरं घेऊन पुढे निघतो. अंगावर सैल सुती कपडे, डोक्याला पागोटं, पायात जाड तळाच्या वहाणा, हातात काठी, कुऱ्हाड, फडक्यात भाकरी आणि खांद्यावर घोंगडी. पागोटं उन्हापासून वाचवतं. विहिरीला दोर नसला तर त्यानेच पाणी शेंदता येतं, जखम झाली तर बांधता येते, रात्री तेच उशाला. घोंगडीचंही तसंच. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची, खड्डामागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतात, रात्री तीच अंथरूण किंवा पांघरूण होते. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही आणि चुलीची ठिणगी पडली तर चटकन भडकत नाही. परदेशातले गिर्यारोहक याच गुणांसाठी मेरिनो लोकरीचे कपडे घेतात. मेरिनो मऊ असते, अंगालगत चालते. दख्खनी लोकर खरबरीत, पण बाभळीच्या काट्याला आणि खडकाला पुरून उरते.

सकाळी 8. आता खरी परीक्षा. घोडा लादायचा, तोही बहुधा बाईनेच. हा घोडा पुष्कळदा लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षात घेतलेला असतो. घेताना रुबाब पाहत नाहीत, पाठ आणि स्वभाव पाहतात. आधी खोगीर, मग दोन्ही अंगांना सारखं वजन: एकीकडे पीठ-धान्य, दुसरीकडे भांडी आणि पाण्याचे कॅन. त्यावर पाल आणि जाळं, वर कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. भार एका बाजूला कलला तर घोड्याची पाठ सोलते आणि पाठ सोलली की सगळं बिऱ्हाड अडतं. म्हणून “हे लागेल कधीतरी” म्हणून घेतलेली वस्तू इथे टिकत नाही.

दुपारी 12. नवं रान. मेंढरं बसवायची बोली शेतमालकाशी आधीच झालेली असते. लेंडीखत त्याला मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. धान्य मिळालं तर पोटापुरतं ठेवून बाकीचं विकतात, कारण ज्वारीची जादा गोणी उद्या घोड्यावरच चढायची असते. जागा निवडताना नाला टाळतात, एकटं उंच झाड टाळतात. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून जराशी चढाची, मुरमाड जागा बघतात. पाणी जवळ हवं, पण अगदी काठावर नको.

दुपारी 3. पाल उभं राहतं. मधे आडवी काठी, दोन्हीकडे ताण, बांधाचे दगड. ताडपत्री हलकी असते, पाणी अडवते. पण आत दमट होतं आणि ठिणगीने भोक पडतं. घोंगडीत ऊब आहे, पण भिजली की ती जड होते. म्हणून वाडा दोन्ही ठेवतो: वर ताडपत्री, आत घोंगडी. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं. तशा माऱ्यात पातळ पाल माणसांनाही पुरत नाही, मग उघड्यावरच्या जित्राबाचं काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

संध्याकाळी 6. मेंढरं परततात. वाघर पुन्हा उभी राहते आणि कोकरं आयांना भेटतात. सौर दिवा दिवसभर उन्हात ठेवलेला असतो. रॉकेलचा कंदील आणि डबा गेल्याने भार खरोखर हलका झाला.

रात्री 9. लांडग्याची राखण. लांडगाही 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला मारता येत नाही. जाळं, कुत्री, बॅटरी आणि जागा माणूस, एवढंच हत्यार. गडी पालात झोपत नाही. घोंगडी गुंडाळून तो कळपाशेजारी पडतो.

या दिवसातून एकच निष्कर्ष निघतो: सामान हलकं होतं ते महाग वस्तूंनी नव्हे, तर एका वस्तूला दोन-तीन कामं लावल्याने आणि बाकीचं घरी ठेवण्याची हिंमत असल्याने. मेंढपाळांसाठी महामेषसारख्या सरकारी योजना आहेत. कोणत्याही योजनेतून पाल, जाळं किंवा दिवा द्यायचा असेल, तर नमुना ठरवण्याआधी तो रोज घोड्यावर लादणाऱ्या बाईच्या हातात द्यावा. आणि वाचकांनो, रानात राहायला निघताना एक दख्खनी घोंगडी विकत घ्या. मेंढीच्या लोकरीला भाव मिळाला तरच ती विणणारे माग चालू राहतील.