पैसे कट झाले, पुढे काय?

‘माझ्याकडून कट झालेत.’ ‘पण आमच्याकडे आले नाहीत.’ किराणा दुकान असो, मेडिकल असो की पेट्रोल पंप, ही दोन वाक्यं रोज कुठे ना कुठे बोलली जातात आणि बहुतेक वेळा दोन्ही खरी असतात. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आलेला असतो आणि दुकानदाराचा साउंडबॉक्स गप्प असतो. सामान पिशवीत भरून झालेलं असतं, मागे रांग वाढत असते आणि दोघांपैकी कुणाला तरी माघार घ्यावी लागते. ती बहुतेकदा गिऱ्हाईकच घेतं. ते दुसऱ्यांदा पैसे देतं, नाहीतर पिशवी काउंटरवर ठेवून निघून जातं. नोटाबंदीपासूनच्या नऊ वर्षांत दुकानातल्या पैशांच्या देवघेवीचं रूप पार पालटलं. यंत्रं बदलली, अ‍ॅपं बदलली, वेग कल्पनेपलीकडे वाढला. व्यवहार अडकला की त्याचा भार कुणी सोसायचा, या प्रश्नाचं उत्तर मात्र बदललं नाही. तेव्हा तो गिऱ्हाईक सोसत होतं, आजही तेच सोसतं.

सुरुवात कार्डापासून करावी लागते. 2016 पूर्वी स्वाइप मशिन हा मॉल, मोठी कपड्यांची दुकानं, सराफी पेढ्या आणि पेट्रोल पंप यांचा मामला होता. डिसेंबर 2013 पासून डेबिट कार्डाला दर वेळी पिन टाकणं सक्तीचं झालं. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. पण खरी कटकट वेगळीच होती. बिल झाल्यावर दुकानदार हळूच सांगायचा, ‘कार्डावर दोन टक्के जास्त लागतील.’ बँक दुकानदाराकडून जे शुल्क कापते, ज्याला एमडीआर म्हणतात, ते सरळ गिऱ्हाइकाच्या बिलात चढवलं जाई. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री चलनातल्या नोटांपैकी मूल्याने 86 टक्के नोटा बाद झाल्या आणि जे मशिन काल चैनीचं होतं ते एका रात्रीत गरजेचं झालं. 1 डिसेंबर 2016 ला ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. वडापाववाल्यापासून तांदळाच्या दुकानापर्यंत मशिनं पोचल्याच्या बातम्या झळकल्या. पुढे काही महिन्यांत नोटा बाजारात परत आल्या आणि तिथलीही पुष्कळशी मशिनं बाजूला पडली. त्यासाठी गावकऱ्यांना दोष देणं अन्यायाचं आहे. मशिनला रेंज लागते, वीज लागते, कागदाचा रोल लागतो, आणि दर बिलामागे शुल्क जातं. दहा-वीस रुपयांच्या विक्रीत हे सगळं बसवायचं कुठे?

शुल्काचा हा वाद जानेवारी 2017 मध्ये उघड्यावर आला. काही बँकांनी इंधनाच्या व्यवहारावर एक टक्का शुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा पेट्रोल पंपचालकांनी कार्ड घेणंच बंद करण्याचा इशारा दिला. सरकार मध्ये पडलं आणि तो तात्पुरता टळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाच्या शुल्काची नवी रचना जाहीर केली. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदारांसाठी 0.40 टक्के, बाकीच्यांसाठी 0.90 टक्के, ही त्याची कमाल मर्यादा. हे शुल्क दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून वसूल करू नये याची काळजी बँकांनी घ्यावी, असंही त्यात स्पष्ट होतं. कागदावर गिऱ्हाइकाची सुटका झाली. पण हा नियम दुकानाच्या भिंतीवर कुणी लावला नाही, आणि बिल करणाऱ्या माणसापुढे उभं राहून परिपत्रकाचा दाखला देणारं गिऱ्हाईक शोधूनही सापडणार नाही. अखेर 1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरचं शुल्क शून्य झालं. कागदावर छापलेला क्यूआर कोड चहाच्या टपरीवरही लागला तो यामुळे. हा निर्णय मोठा होता आणि त्याने सामान्य माणसाचं भलं केलं, हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने ऑक्टोबर 2019 मध्ये महिन्याला 100 कोटी व्यवहारांचा टप्पा गाठला. ऑगस्ट 2023 मध्ये तो आकडा 1000 कोटींवर गेला आणि ऑगस्ट 2025 मध्ये 2000 कोटींवर. पण क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे या खिशातून त्या गल्ल्यात थेट जात नाहीत. गिऱ्हाइकाचं अ‍ॅप, त्या अ‍ॅपमागची बँक, गिऱ्हाइकाचं खातं असलेली बँक, मधलं राष्ट्रीय केंद्र आणि पलीकडे दुकानदाराची बँक, अशी ती साखळी आहे. यातली एक कडी सुटली की काउंटरवरचे दोघेही अंधारात. मार्च 2020 मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यावरच विसंबलेलं फोनपे हे अ‍ॅप सुमारे दिवसभर बंद पडलं. ज्यांचं त्या बँकेत खातंही नव्हतं, त्यांचेही व्यवहार त्या दिवशी अडले. पुढे 26 मार्च आणि 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय ठप्प झालं. 12 एप्रिलच्या खोळंब्याचं कारण मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. ‘व्यवहाराचं काय झालं?’ ही विचारणा काही बँकांच्या यंत्रणा इतक्या वेळा करत राहिल्या, की त्या भाराखाली सगळी व्यवस्थाच दबली. काउंटरवर गिऱ्हाईक जो प्रश्न विचारतं, तोच यंत्रं एकमेकांना विचारत होती आणि उत्तर कुणालाच मिळत नव्हतं. त्यानंतर विचारणा किती वेळा आणि किती अंतराने करायची यावर मर्यादा आली, उत्तराची मुदतही कमी झाली. दुरुस्ती चांगली झाली, पण ती यंत्रांच्या सोयीची झाली.

गिऱ्हाइकाच्या बाजूचा नियम आहे, आणि तो जुना आहे. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं, की दुकानात पैसे कट झाले आणि दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही गिऱ्हाइकाच्या तक्रारीची वाट न पाहता. नियम उत्तम आहे. अडचण अशी, की पाच दिवस हा बँकेचा हिशेब आहे आणि औषधाची बाटली आत्ता हवी असते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ज्याच्या खात्यात हजारच रुपये आहेत, त्याचे सहाशे पाच दिवस अडकणं ही लहान गोष्ट नाही. याहून वाईट गाठ पुढे बसते. घाईत माणूस दुसऱ्यांदा पैसे देतो आणि अर्ध्या तासाने पहिले पैसेही दुकानदाराला पोचतात. आता बँकेच्या लेखी दोन्ही व्यवहार यशस्वी. परतीचा नियम इथे लागू होत नाही. पैसे मागायला पुन्हा त्याच दुकानात जायचं आणि दुकानदाराच्या भलेपणावर विसंबायचं. प्रवासात हायवेवरच्या पंपावर असं घडलं, तर ते पैसे गेलेच म्हणायचे.

यावर सांगितलं जातं, की यंत्रणेच्या दोषाने फसणारे व्यवहार फार थोडे असतात. ते खरं आहे, सुरुवातीच्या वर्षांच्या मानाने सुधारणाही मोठी आहे. पण हजारात एक अडला असं धरलं, तरी 2000 कोटींच्या महिन्यात ते दोन कोटी प्रसंग होतात. प्रमाण घटलं तरी संख्या घटत नाही, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रमाणाशी देणंघेणं नसतं. दुसरं म्हणणं असं, की सेवा फुकट आहे, मग तक्रार कसली? ती फुकट नाही. तिचा खर्च बँका उचलतात आणि सरकार भरपाई देतं. 2024-25 या वर्षासाठी केंद्राने त्यासाठी 1500 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे करदाता म्हणून गिऱ्हाइकाने किंमत मोजलेलीच आहे. खिशात रोकड ठेवावी हा सल्ला शहाणपणाचा आहे, पण शंभराच्या नोटेला सुट्टे नाहीत म्हणून ‘फोनवरून टाका’ असं दुकानदारच सांगतो, तिथे तो उपयोगी पडत नाही.

दुकानदाराची बाजू मात्र खोटी पाडता येत नाही. बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेणाऱ्यांनी त्याला पोळलं आहे, म्हणून तो मेसेज मानत नाही. जुलै 2025 मध्ये यूपीआयवरच्या जमेच्या आधारे कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा बेंगळुरूत अनेकांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. त्यांची भीती समजण्यासारखी होती. फरफट पुन्हा गिऱ्हाइकाची झाली, कारण त्याच्या खिशात तोवर रोकड उरलीच नव्हती. दोघांच्या भांडणात बँक काउंटरवर कधीच हजर नसते, हा खरा दोष आहे. ठरावीक सेकंदांत ‘झाला’ किंवा ‘रद्द’ असं एकच अंतिम उत्तर दोन्ही बाजूंना मिळालं पाहिजे आणि रद्द झालेला व्यवहार नंतर मागच्या दाराने पूर्ण होता कामा नये. ही जबाबदारी बँकांची आणि राष्ट्रीय केंद्राची आहे, दुकानदाराची नव्हे.

ते होईपर्यंत वाचकांनी एक करावं. पैसे अडकले तर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि वेळ जपून ठेवावी, अ‍ॅपमध्ये आणि बँकेत लेखी तक्रार करावी. पाच दिवस उलटले तर रोजचे 100 रुपये मागावेत, आणि बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. भरपाईचा हा हक्क 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहे.