‘वयामुळे असे व्हायचेच’ म्हणण्यापूर्वी : डिलिरियम कसा ओळखावा?

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री एखाद्या आजींनी परिचारिकेला आपली बहीण समजावे, सलाईनची नळी ओढावी आणि सकाळी मात्र सुनेला नावाने हाक मारावी, हे रुग्णालयांत नवीन नाही. नातेवाईक ‘वेड लागले’ म्हणून घाबरतात, किंवा ‘वयामुळे असे व्हायचेच’ म्हणून सोडून देतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. ‘तापात वात झाला’ असे जुनी माणसे म्हणत, ते वर्णन याच अवस्थेचे.

डिलिरियम हा मानसिक आजार नव्हे. शरीरातील बिघाडामुळे मेंदूच्या कार्यात आलेला तो तीव्र अडथळा होय. वृद्धांमध्ये न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग कधी कधी तापाविना, केवळ संभ्रमाच्या रूपाने प्रकट होतो. म्हणूनच ही अवस्था तातडीची समजावी लागते.

स्मृतिभ्रंशाहून वेगळा

स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत उद्भवतो आणि एकाच दिवसात कमीजास्त होतो. संध्याकाळनंतर तो बहुधा बळावतो. अवधान टिकत नाही, हे त्याचे मुख्य लक्षण. स्मृतिभ्रंश असलेल्यांना डिलिरियमचा धोका अधिक असतो. पण ‘ते आधीपासूनच विसरभोळे’ या समजुतीमुळे नवा बदल नजरेआड होतो.

आरडाओरडा करणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. निदान हुकते ते गप्प पडून राहणाऱ्याचे. तो दिवसभर पेंगतो, जेवत नाही, विचारल्यास उशिराने एखादा शब्द बोलतो. आणि ‘आज शांत आहेत’ असे म्हणून सारे निश्चिंत होतात.

दोन मिनिटांची तपासणी

अमेरिकेतील डॉ. शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडलेल्या पद्धतीत चार गोष्टी पाहतात : अचानक सुरुवात व चढउतार, अवधानाचा अभाव, असंबद्ध विचार आणि जागृतीच्या पातळीतील बदल. पहिल्या दोन्ही आणि उरलेल्यांपैकी एक आढळल्यास डिलिरियम मानतात. ‘फोर-ए-टी’ ही चाचणी त्याहून सुटसुटीत आहे. तीत जागृती पाहतात, वय, जन्मतारीख, ठिकाण व वर्ष विचारतात, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला लावतात आणि अलीकडे अचानक बदल झाला का याची नोंद घेतात. 12 पैकी 4 किंवा अधिक गुण आल्यास डिलिरियमची शक्यता धरतात.

अचानक झालेला बदल सांगू शकतो तो घरचाच माणूस. ‘हे नेहमी असे नसतात’ हे त्याचे वाक्य डॉक्टरांसाठी मोलाचे असते.

कारणांचा शोध

संसर्ग, शरीरातील पाण्याची किंवा सोडियमची कमतरता, रक्तातील साखर किंवा प्राणवायू कमी होणे, न शमलेली वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता ही नेहमीची कारणे. औषधेही कारणीभूत ठरतात : झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके, इतकेच काय सर्दी-खाजेवरची काही साधी औषधेही. रोज मद्य घेणारा रुग्ण दाखल झाल्यावर ते अचानक बंद होते; दोन ते चार दिवसांत कंप, घाम, भास सुरू होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. संकोचाने ही सवय डॉक्टरांपासून लपवू नये.

घरच्यांनी काय करावे?

इनूये यांच्याच 1999 च्या अभ्यासात, 852 वृद्ध रुग्णांमध्ये साध्या उपायांनी डिलिरियमचे प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आले. ते उपाय आपल्याही हाती आहेत. चष्मा व श्रवणयंत्र रुग्णालयात न्यावे, पाणी वेळोवेळी द्यावे, दिवसा उजेड व रात्री शांतता ठेवावी, परवानगी मिळताच चालवावे, वार-तारीख सांगत राहावी. भास झाल्यास वाद न घालता धीर द्यावा. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नये. चालू औषधांची संपूर्ण यादी डॉक्टरांना दाखवावी, आणि घरी असा बदल दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.