शुद्ध औषध आणि मूत्रपिंडाचा दाह
मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरिनमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हा मूत्रपिंडाचा घात प्रत्यक्ष विषाने केला होता. परंतु घरी जाताना आपण दुकानातून जी वेदनाशामक गोळी बिनदिक्कत घेतो, ती निखालस शुद्ध असूनही क्वचित अनर्थ ओढवतो, आणि तो ओढवणारी असते आपलीच प्रतिकारशक्ती. औषधाचा सूक्ष्म अंश मूत्रनलिकांच्या प्रथिनांना चिकटला, की टी-पेशींना घरचेच प्रथिन परके भासू लागते, आणि शत्रूवर धाडावयाची ही फौज नलिकांभोवतीच्या नाजूक जागेत शिरून तेथे दाह उत्पन्न करते. पेनिसिलिन, क्षयावरील रिफॅम्पिसिन, आम्लपित्तावरील ओमेप्राझोल, यांपैकी कोणतेही औषध निमित्त होऊ शकते. मात्रा कमी होती, हा हिशेब येथे उपयोगी पडत नाही. ताप, पुरळ, सांधेदुखी दिसली तर निदान सुकर होते. पुष्कळदा मात्र रक्तातील वाढलेले क्रिएटिनिन एवढीच खूण मिळते. कारणीभूत औषध वेळीच थांबले तर मूत्रपिंड बहुधा सावरते. कधी स्टेरॉइडची जोड लागते. क्षयाच्या गोळ्या मात्र कोणीही आपल्या मर्जीने बंद करू नयेत. नव्या औषधानंतर लघवी कमी झाली वा पुरळ उठले, तर गोळ्यांची पट्टी हाती घेऊनच डॉक्टरांकडे जावे.