कोऱ्या स्लिपा आणि चिंतामणरावांची सही

परवा आमच्या बचत गटाची मीटिंग होती. हप्ते गोळा झाले, चहा झाला. तेवढ्यात आमची कोषाध्यक्ष म्हणाली, "ताई, पैसे काढायच्या चार स्लिपांवर सह्या करून ठेवा ना. दर वेळी तुमच्या दारात यायला नको."

स्लिपा कोऱ्या होत्या. ना आकडा, ना तारीख! मी पेन उघडलंही होतं, पण हात थांबला. "माझ्यावर विश्वास नाही का?" तिचा चेहरा पडला. पण शेजारच्या वस्तीतला एक गट अशाच कोऱ्या सह्यांपायी मोडलेला मी पाहिलाय. बायकांची तीन वर्षांची बचत गेली, बोलणं तुटलं ते वेगळंच.

मी डब्यातली शंभराची नोट काढली. "ह्यावर सही कुणाची गं?" कुणालाच सांगता येईना! आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, प्रत्येकीच्या ओळखीचं कुणीतरी तिथे कामाला असतं. तरी सही कुणी पाहिली नव्हती. ती असते रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची. वर रक्कम देण्याचं वचन, खाली सही.

मग मी चिंतामणराव देशमुखांची गोष्ट सांगितली. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला शिकून आय.सी.एस. झाले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तोवर त्या खुर्चीत परदेशीच बसत. राज्य अजून इंग्रजांचं, पण नोटेवर सही आपल्या माणसाची!

त्या काळी बँका बुडायच्या आणि लोकांची पुंजी जायची. चिंतामणराव गव्हर्नर असतानाच १९४९ साली बँकांसाठी कायदा आला. बँक चालवायला परवाना लागू लागला, तिचे हिशेब तपासायचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. १९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांच्याच काळात, १९५५ मध्ये, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. बँक खेड्यापाड्यांत पोचावी हा त्यामागचा हेतू.

आणि एवढं मोठं पद त्यांनी १९५६ साली सोडून दिलं. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवायचं ठरलं, ते त्यांना पटलं नाही. जिथे मन साक्ष देईना, तिथे राजीनाम्यावर सही केली. पण घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद, मग दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळलं. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई म्हणजे केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. कितीतरी महिला मंडळांना या मंडळाच्या अनुदानाचा आधार मिळाला.

गोष्ट संपली तशी आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "म्हणजे सही करायच्या आधी वाचायचं, अन् नाही पटलं तर नाही म्हणायचं." आजी साठीनंतर सही शिकल्या, तोवर अंगठाच होता.

कोषाध्यक्षीणबाईंनी स्वतःच स्लिपा फाडल्या. आता ठराव झालाय. आधी वहीत आकडा, मग स्लिपेवर आकडा, मग दोघींच्या सह्या. माझ्या दारात खेपा घालाव्या लागतात खऱ्या. मी चहा ठेवते.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचं पासबुक शेवटचं कधी उघडून पाहिलंत?