ताप गेला, पण दम कुठे गेला?

पावसाळा सरत आला की वऱ्हाडात तापाची साथ फिरते. त्यातच शाळांच्या क्रीडास्पर्धा तोंडावर येतात. समजा, अमरावतीच्या एका शाळेतील धावपटू विषमज्वराने तीन आठवडे अंथरुणावर होता. आता ताप उतरला, भूकही लागते. तो मैदानावर येतो आणि एका फेरीतच धापा टाकू लागतो! मित्र म्हणतात, "आळशी झालास." खरेच तसे आहे का?

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून राहायला सांगण्यात आले. आजार कोणताच नव्हता. तरीही त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे पाव हिश्शाने घटली! तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा वाढत्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमीच भरली.

असे का व्हावे? आपण आडवे झालो की पायांकडील रक्त छातीकडे सरकते. शरीराची समजूत होते की पाणी जास्त झाले. मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात आणि रक्तद्रव कमी होतो. मग हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जाते. ही तूट भरून काढण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. वापरात नसलेले स्नायूही रोडावतात. हिवतापात तर रक्तातील तांबड्या पेशीच फुटतात आणि त्यांची भरपाई व्हायला काही आठवडे लागतात. तेव्हा हा आळस नव्हे!

आता एक सोपा प्रयोग करा. निरोगी असताना आठवडाभर रोज सकाळी, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावरील नाडीचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजा व वहीत लिहून ठेवा. आजारानंतर पुन्हा मोजा. आकडा नेहमीपेक्षा बराच जास्त असेल, तर शरीर अजून सावरलेले नाही असे समजा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर प्रथम काही दिवस फक्त चाला. नंतर थोडे चाला, थोडे धावा. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. रक्तद्रव कमी असताना घामाने आणखी पाणी जाते, म्हणून अकोल्यासारख्या उष्ण गावी पहाटेची वेळ बरी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धडधड थांबेना, तर लगेच थांबा व डॉक्टरांना दाखवा. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूलाही सूज येते.

कबड्डीपटूंनी तर विशेष जपावे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्या गावाला कबड्डीतली झटापट काय सांगावी! पण विषमज्वरात व हिवतापात पोटातील प्लीहा सुजते आणि धक्क्याने ती फाटू शकते. ती पूर्ववत झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत चढाई नको.

डॅलसच्या त्या तरुणांनी पुढे सुमारे दोन महिने नियमित व्यायाम केला आणि गेलेली क्षमता परत मिळवली. तेव्हा शिक्षकांनी आजारातून उठलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी घड्याळ लावून धावायला लावू नये. त्याच्या हाती आधी नाडीची वही द्यावी. यंदाची स्पर्धा हुकली तरी चालेल. पुढच्या वर्षी मैदान तेथेच असेल.