क्षयाचे औषध आणि 'माला-डी'

क्षयाचे औषध चालू असलेल्या एखाद्या भगिनीची पाळी चुकते. 'माला-डी' तर एक दिवसही चुकलेली नसते. मग गोळीच बोगस निघाली, असे घरात ठरते. गोळी बिचारी खरी असते. तिला हरवलेले असते यकृताने.

आपण घेतो ती बरीचशी औषधे पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतात आणि मूत्रपिंडाला ती सहजी बाहेर टाकता येत नाहीत. यकृतातील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्यांची मोडतोड करतात, तेव्हा कुठे ती लघवीवाटे किंवा पित्तावाटे जातात. या विकरांच्या एका मोठ्या कुटुंबाला 'सायटोक्रोम पी-४५०' म्हणतात. गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरकांचा निकालही तेच लावते. रोज एक गोळी, हे प्रमाण याच हिशेबाने ठरले आहे.

हा हिशेब रिफाम्पिसिन बिघडवते. (लघवी नारिंगी करणारे क्षयाचे औषध ते हेच.) त्याच्यामुळे यकृत ही विकरे जास्त तयार करू लागते. कापूस वेचायला १० बायांऐवजी ३० लावल्या, तर शेत दुपारीच रिकामे होते. तसेच आजच्या गोळीतले संप्रेरक उद्याच्या गोळीआधीच फार खाली येते. जर्मनीतील डॉक्टरांना हे १९७० च्या दशकाच्या आरंभीच दिसून आले होते. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसू लागणे, ही एक खूण.

यावर दोन-दोन गोळ्या घेऊ नयेत. लिव्हर टॉनिकच्या बाटलीने काडीचाही फरक पडत नाही, पैसे मात्र जातात. आणि क्षयाचे औषध तर मुळीच थांबवू नये. साध्या क्षयात रिफाम्पिसिन सहाही महिने लागते. त्याऐवजी तांबी बसवावी किंवा निरोध वापरावा. तांबी सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात. तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शनही चालते. दिवस राहिलेच, तर औषध न सोडता लगेच डॉक्टरांना भेटावे. क्षयाची नेहमीची औषधे गरोदरपणातही देता येतात.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचेही रिफाम्पिसिनपुढे असेच होते. म्हणून उपचार सुरू होतानाच घरातली सगळी पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवावीत.

औषध संपले तरी वाढलेली विकरे ओसरायला काही आठवडे लागतात. शेवटच्या डोसानंतर निदान ४ आठवडे नुसत्या 'माला-डी'वर विसंबू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे मात्र उलटे होते. क्षयाच्या उपचारात तिचा डोस वाढवलेला असेल, तर विकरे कमी होताच तोच डोस जड होतो आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते.