अष्टमीचा चंद्र आणि साधा कॅमेरा

कोजागिरीच्या रात्री अलिबागच्या पुळणीवर जिकडे पाहावं तिकडे कॅमेरे आणि फोन आकाशाकडे वळलेले असतात. घरी येऊन फोटो मोठा करून पाहावा, तर काळ्या आकाशात एक पांढराफटक ठिपका. ना डाग, ना खळगे. मग वाटतं, आपला कॅमेराच साधा, त्याला हे जमायचं नाही. हा समज आधी बाजूला ठेवू या. घरात पडून असलेल्या, बऱ्यापैकी झूम असलेल्या कॅमेऱ्यानंही चंद्राचे चांगले फोटो निघतात. फक्त चंद्र म्हणजे काय चीज आहे, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं.

आपल्याकडे रात्र असली, तरी चंद्राचा जो भाग आपल्याला दिसतो तिथे त्या वेळी लख्ख ऊन असतं. चंद्राची माती काही फार उजळ नाही. पडलेल्या प्रकाशातला साधारण १२ टक्केच ती परत फेकते, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतकीच. पण त्या रस्त्यावर भर दुपारचं ऊन आहे. कॅमेऱ्याला हे कळत नाही. त्याला चौकटभर काळोख दिसतो, मधला चंद्र त्यात चिमूटभर. तो काळोख उजळायच्या नादात कॅमेरा इतका प्रकाश आत घेतो की चंद्र जळून पांढरा होतो. सगळ्यात जास्त फोटो इथेच फसतात. म्हणून पहिली गोष्ट ही की ‘नाइट मोड’ बंद करावा आणि फ्लॅशही.

आता चंद्र किती मोठा येईल ते पाहू. भिंगाची फोकल लेंग्थ, म्हणजे ते लांबचं किती जवळ आणतं हे सांगणारा आकडा, मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. त्याला ११० नं भागलं की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, चंद्र किती मिलिमीटरचा उमटेल ते कळतं. ५० मिलिमीटरच्या भिंगानं तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही. ३०० च्या भिंगानं पावणेतीन मिलिमीटर भरतो आणि २४ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या डीएसएलआरमध्ये सुमारे ७०० पिक्सेल रुंदीचा चंद्र मिळतो. खळगे ओळखायला तेवढा पुष्कळ झाला. निकॉनच्या पी९०० सारख्या, भिंग न बदलता येणाऱ्या मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांत तर चंद्र चौकटीची पाऊण उंची व्यापतो.

इथे एक खबरदारी घ्यायची. झूम दोन प्रकारचा असतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर पुढंमागं सरकतात. डिजिटल झूममध्ये कॅमेरा चित्राचा तुकडा कापून नुसता फुगवतो. डिजिटल झूम सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाकावा, कारण तो चुकून लागतो आणि आपल्याला कळतही नाही. काही फोन तर चंद्र ओळखून त्यावर स्वतःच्या पदरचा तपशील भरतात. तसला फोटो सुंदर दिसतो, पण तो आपण काढलेला नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

यानंतर तिथी निवडायची, आणि इथे माझा आग्रह आहे की पौर्णिमा टाळावी. पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या थेट समोर असतो. त्यामुळे सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट दिसतो. शुद्ध अष्टमी-नवमीला ऊन तिरपं असतं. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर प्रत्येक खळग्याची लांब सावली पडते आणि डोंगर-दऱ्या उठून येतात. त्या सीमेच्या मध्याजवळ टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल असे तीन खळगे एका ओळीत दिसतात. त्यातला टॉलेमियस सुमारे १५० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे अलिबागहून रस्त्यानं पुणं गाठावं जवळपास तेवढा. आणखी दोन दिवस थांबलात तर दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटरचा कोपर्निकस उजेडात येतो. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरला, ती निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. तो उतरला ती जागा चंद्राच्या दक्षिण टोकाकडे आहे आणि अष्टमीच्या उजळ भागात येते. विक्रम अर्थातच दिसणार नाही, पण तो कुठल्या परिसरात आहे ते मुलांना बोटानं दाखवता येतं.

अष्टमीची आणखी एक सोय म्हणजे दिवेलागणीला चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. तिथून येणारा प्रकाश हवेच्या सर्वात पातळ थरातून येतो, म्हणून चित्र कमी थरथरतं. अशा फोटोसाठी समुद्रावर जायची गरजच नाही. उलट किनाऱ्यावर वारा, वाळू आणि खारी हवा हे तिन्ही शत्रू एकत्र भेटतात. नागाव-आक्षीच्या एखाद्या वाडीत, घराच्या मागल्या अंगणात, माडांमधून आकाश मोकळं दिसेल अशी जागा याहून कितीतरी बरी.

कॅमेरा ट्रायपॉडवर, म्हणजे तिपाईवर, पक्का बसवा. शटरचं बटण बोटानं दाबलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. कॅमेऱ्यात हलणं सावरणारी सोय असेल, तर तिपाईवर ती बंद करून एक फोटो काढा, चालू ठेवून एक काढा आणि जो स्पष्ट येईल ती पद्धत धरा.

मग एम, म्हणजे सगळं आपल्या हाती देणारा मॅन्युअल मोड. यात तीन आकडे सांभाळायचे असतात. आयएसओ म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती हळवा आहे ते. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं प्रकाश आत घेणारं छिद्र, आणि त्याचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. शटर स्पीड म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहतो ते. पौर्णिमेच्या चंद्राला आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ११ आणि शटर १/१०० सेकंद, हा जगभर वापरला जाणारा जुना आडाखा आहे. झूम पूर्ण लांबवल्यावर आपल्या कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर ६.५ च्या आसपास असेल, तर शटर १/२५० वर न्या. अष्टमीचा पृष्ठभाग चौपट मंद धरावा. त्यासाठी आयएसओ २०० आणि शटर १/१२५ पासून सुरुवात करा. बारीक कोरीला आयएसओ ४०० आणि शटर तेच. नंतर एक पाऊल कमी, एक पाऊल जास्त असे फोटो काढत राहा.

कॅमेऱ्यात मॅन्युअल मोडच नसेल, तर अधिक-उणे खुणेचं एक्स्पोजरचं बटण उण्याकडे दोन-तीन घरं सरकवा. स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त मधल्या ठिपक्याचा उजेड मोजणारी सोय, असेल तर तीही लावा आणि तो ठिपका चंद्रावर धरा. पडद्यावर चंद्र थोडा काळपट वाटला तरी चालेल. काळपट चंद्र नंतर उजळता येतो, पण जळून पांढरा झालेला परत मिळत नाही.

फोकस हा दुसरा फसण्याचा मुद्दा. चंद्र पूर्ण चौकटीत असला, तरी काही कॅमेऱ्यांचं भिंग नुसतं मागंपुढं घुरघुरत राहतं. अशा वेळी फोकसची चौकट चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर ठेवा, कारण तिथे कॅमेऱ्याला पकडायला धार मिळते. फोकस लागला की तो मॅन्युअलवर टाकून गोठवा. किनाऱ्यावर असाल तर दूर नांगरलेल्या जहाजाच्या स्थिर दिव्यावर फोकस घेता येतो. खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा उघडझाप करतो, त्यावर कॅमेरा गोंधळतो.

चंद्र स्वतःच्या रुंदीइतकं अंतर दोन मिनिटांत सरकतो. लांब झूममध्ये तो बघता बघता चौकटीबाहेर जातो, म्हणून तो कडेला धरावा आणि मध्यावर येऊ द्यावा.

आता समुद्र आणि किल्ला यांच्यासह चंद्र हवा असेल तर. रायगडचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे इथे चंद्र डोंगरामागून उगवतो आणि समुद्रात मावळतो. संध्याकाळी पाण्यावर हवी असेल तर बीज-तृतीयेची कोर. पूर्ण चंद्र पाण्यावर हवा असेल तर पौर्णिमेची किंवा वद्य प्रतिपदेची पहाट. हिवाळ्यातल्या पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, म्हणून भिंगावर खारा थरही कमी बसतो.

चंद्र किल्ल्याच्या मानानं केवढा दिसेल, याचाही हिशेब आहे. आपल्यापासून किल्ल्याचं अंतर भागिले ११०. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला किलोमीटरभरावर असेल, तर चंद्र तिथल्या नऊ मीटरच्या वस्तूएवढा दिसतो. मोठा हवा तर मागं सरका आणि झूम वाढवा. चंद्र कुठे मावळतो ते ऋतूनुसार बदलतं. हिवाळ्यातली पौर्णिमा वायव्येकडे मावळते, मार्चच्या सुमाराची पश्चिमेला. किल्ला आणि चंद्र एका रेषेत आणायला आपणच पुळणीवर उत्तरेला-दक्षिणेला चालावं लागतं. अलिबाग आणि मुंबई जवळजवळ एकाच रेखांशावर असल्यानं दिनदर्शिकेतल्या मुंबईच्या वेळा इथे चालतात.

भरतीचं गणित मात्र विसरू नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा आडाखा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे ओहोटी पहाटे-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. चंद्रोदय नेमका त्याच वेळी असल्यानं लोक उघड्या पडलेल्या वाळूवरून चालत पार किल्ल्यापर्यंत जातात आणि फोटोंच्या नादात पाणी परत फिरलेलं लक्षात येत नाही. पौर्णिमेला उधाण असतं, पाणी वेगानं चढतं. निघण्याआधी नक्की वेळ तक्त्यात पाहा, किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारा आणि अंधार पडायच्या आत कोरड्यावर या.

ओल्या वाळूत तिपाईचे पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा ठेवा. वाऱ्यात कॅमेऱ्याचा पट्टा फडफडून तिपाई थरथरते, तो काढून ठेवा. एसीच्या खोलीतून आणलेला कॅमेरा बाहेर येताच भिंगावर दव धरतो, तेव्हा तो अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या. घरी आल्यावर तिपाईचे पाय गोड्या पाण्यानं धुऊन, सांधे उघडून वाळवा. कॅमेऱ्यावरचं मीठ किंचित ओलसर मऊ कापडानं पुसा. कोरड्या कापडानं घासलं तर वाळूचे कण भिंगावर ओरखडे काढतात.